तड्यावरची काच

मनोऱ्याचा जिना इतका अरुंद होता की एका वेळी एकच माणूस जावा. वेंधळी अर्ध्यावर पोहोचली आणि नेमका तेव्हाच वरून तो उतरत आला. ती डावीकडे सरली, तोही डावीकडे. ती उजवीकडे... तोही.

"असंच चाललं तर संध्याकाळ होईल," तो म्हणाला.

"मग तुम्ही हलूच नका. मी काय ते बघते."

"त्यापेक्षा मीच मागे फिरतो." आणि खरंच, हातातली पेटी सावरत तो पुन्हा वर चढू लागला. कुणी आपल्यासाठी चाळीस पायऱ्या परत चढावं, असं तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

वेंधळी हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासायची, बसवायची. पाच वर्षांत एकही फुटली नव्हती. पण दुकानाबाहेर पडली की तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. आज सुट्टीच्या दिवशी नर्स आणि शिवणवाली या दोन जिवलग मैत्रिणींबरोबर ती हे जुनं शहर बघायला आली होती. सकाळपासून वेशी झाल्या, राजवाडा झाला, दगडी गल्ल्या झाल्या. दर ठिकाणी वेंधळी मागे राहायची आणि नर्स तिला दंडाला धरून आणायची.

वर वारा होता. मैत्रिणी आधीच पोहोचल्या होत्या. खाली कौलांचा समुद्र पसरला होता आणि पलीकडे नदी उन्हात पेंगत होती. तो इंजिनियर निघाला. भिंतीतल्या एका लांब तड्यावर प्लास्टरनं चिकटवलेली बोटभर काचेची पट्टी त्यानं दाखवली. शेजारी पेन्सिलनं तारीख लिहिली होती.

"भिंत जराशी जरी सरकली तरी ही काच तुटते," तो म्हणाला. "आठ महिने दर आठवड्याला येऊन बघतोय. आज शेवटची पाहणी. सगळ्या पट्ट्या शाबूत असल्या की मनोरा सुरक्षित, लोकांना कायमचा खुला."

"आणि तुटली असली तर?"

"तर आजच कुलूप. किती वर्षं, देव जाणे." तो हसला. "पण नाही तुटणार. माझा जीव आहे हो या म्हाताऱ्यावर."

"भिंतीला जीव लावणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय."

"भिंती उलट उत्तर देत नाहीत ना..."

"म्हणजे मी देते?"

"तुम्ही द्या. चालेल."

शिवणवालीनं नर्सला कोपर मारलं. वेंधळी नदीकडे बघत राहिली, पण तिला नदी दिसत नव्हती.

"आता पायथ्याची एकच पट्टी बघायची राहिली," तो म्हणाला. "दाराच्या आत, पहिल्या पायरीपाशी."

तिला एकदम आठवलं. चढण्यापूर्वी चपलेतला खडा काढायला ती तिथंच भिंतीला टेकली होती. पाठीवरच्या पिशवीचं लोखंडी बक्कल कशावर तरी दाबलं गेलं होतं, कट् असा आवाजही आला होता. तिनं वळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो वरच नोंदी लिहीत थांबला. खाली येताना तिनं वाकून पाहिलं. पट्टी तुटली होती.

समोरच्या चहाच्या दुकानात तिनं मैत्रिणींना सगळं सांगितलं.

"मूग गिळून बस," नर्स म्हणाली. "पाचची बस आहे. तुझं नाव कोण घेणार आहे?"

"पण तो समजेल ना... मनोरा पडायला आलाय म्हणून."

"अगं, सांगितलंस तर तो आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही. आणि तुला तर तो आवडलाय, ते आंधळ्यालाही दिसतंय."

खरं होतं ते. म्हणूनच तर ती अजून तिथंच बसून होती. तेवढ्यात समोर तो दारात आला. त्यानं दाराला दोरी बांधली, 'बंद' अशी पाटी अडकवली आणि पायरीवर डोकं धरून बसला. वेंधळीनं कप खाली ठेवला आणि रस्ता ओलांडला.

"पट्टी मी तोडली," ती म्हणाली. "पिशवीच्या बक्कलानं. भिंत नाही सरकली."

त्यानं मान वर केली. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"काचा हे माझं रोजचं काम आहे. या, दाखवते."

तिनं पिशवीतून दुकानातलं भिंग काढलं. दोघं पट्टीवर वाकली... इतकी जवळ की तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ताणली गेली असती तर काच सरळ एका रेषेत तुटली असती. इथं एका ठिपक्यापासून चिरा फाकल्यात, बघा. टोचल्याशिवाय असं होत नाही."

त्यानं भिंग घेऊन स्वतः पाहिलं. मग चिडला. "आठ महिन्यांचं काम होतं हे! टेकायला दुसरी जागा नव्हती?"

"नव्हती सुचली. रागवा तुम्ही. मी गुपचूप बसनं जाणार होते, पण तुम्हाला असं बसलेलं बघवेना. दुपारपासूनची तर ओळख आपली... पण नाही बघवलं."

त्यानं पेटी उघडली, प्लास्टर कालवलं, नवी पट्टी लावली आणि तारीख लिहिली. आणखी महिनाभर पाहणी वाढली होती. बस स्टँडकडे निघालेल्या मैत्रिणी कोपऱ्यावरून तिला हाका मारत होत्या.

"पाटी लावताना मला कशाचं वाईट वाटत होतं, सांगू?" पांढरे हात पुसत तो म्हणाला. "मनोऱ्याचं नाही. तुम्ही पुन्हा कधी आलात तर दार बंद दिसेल आणि परत जाल... याचं."

वेंधळीनं मैत्रिणींना हात हलवून पुढं जायला सांगितलं. मग दाराची दोरी तिनंच सोडली.