उशाच्या चपला

दार लोटून घे रे. आणि ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या धाकट्या मेहुणीची आहे. ती खोटं बोलणारी नाही. माझ्या विनोदालासुद्धा ती खोटं हसत नाही.

मेहुणी नर्स. शेवटच्या दुखण्यातली माणसं जिथे ठेवतात, तिथे नोकरी. जवळच्या पुलाखाली एक म्हातारा पडून असायचा. पोटात कॅन्सर. ड्यूटी सुटली की ती त्याला दुखणं थांबायचं औषध द्यायला जायची. त्याच्या चपलेचा तुटका अंगठाही तिनंच पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधून दिला होता. रस्त्यावरची माणसं चपला उशाला घेऊन झोपतात, ठाऊक आहे ना? डोळा लागला की कुणी पळवतं. म्हातारा म्हणायचा, "ताई, एकदा उशाला चपला न घेता झोपायचंय. मग वरचं बोलावणं येऊ दे खुशाल."

ती त्याच्यासाठी खाट मागायची, पण तिथले मोठे डॉक्टर ऐकेनात. "घर नाही, दार नाही, सोबतीला माणूस नाही. उद्या काही झालं तर कळवायचं कुणाला?"

मरायलासुद्धा पत्ता लागतो, पोरांनो. तिनं त्यांचा पिच्छाच पुरवला. शेवटी म्हणाली, "मला कळवा. मी बहीण त्याची." तेव्हा कुठे खाट मिळाली.

गेल्या डिसेंबरातली अठ्ठावीस तारीख. रात्रीचे सव्वाअकरा. ड्रायव्हर त्याला आणायला गाडी घेऊन पुलाकडे गेला. इकडे मेहुणीनं धुतलेली चादर घातली, उशी थोपटली. मागे वळली, तर म्हातारा दारात उभा.

"बाबा, चालत आलात? ड्रायव्हर कुठंय?"

त्याच्या हातात चपला. तिनं त्याचा हात धरला. गार... थंडीच होती म्हणा. खाटेवर बसवलं. सवयीनं त्यानं चपला उशीवर ठेवल्या.

"इथे कुणी नेत नाही, बाबा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वाकला. चपला खाली ठेवल्या. आडवा झाला. डोळे मिटले.

ती पाणी आणायला बाहेर आली. फोन वाजला. ड्रायव्हर.

"ताई... उशीर झाला. म्हातारबा गेलेत. अंग कधीच गार पडलंय."

तिनं मागे वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आणि चोरट्यांनी मढ्याच्या उशाच्या चपलाही सोडल्या नाहीत, ताई."

फोन कानाला तसाच धरून ती चालू लागली.

"ताई? ऐकताय ना?"

ती खोलीत आली. खाट रिकामी. चादरीला सुरकुती नाही. उशी तशीच फुगलेली.

भीती नाही वाटली, म्हणते. रडू आलं. एक दिवस... एकच दिवस आधी खाट मिळाली असती तर. ती तिथंच खाली बसली.

खाटेखाली चपला होत्या. जोडीनं, नीट लावलेल्या. एकीच्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी.