स्वित्झर्लंड गाळून

टेक्ससमधल्या प्लेनोच्या लायब्ररीत युरोपच्या रस्त्यांचा ॲटलस एकच. घरी न्यायची परवानगी नाही, तिथेच बसून बघायचा. दोन हजार सातच्या मार्चमधल्या एका शनिवारी मी ओली छत्री झटकत आत शिरले, तर खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर, माझा ॲटलस उघडून एक मुलगा बसलेला! आणि स्वतःशीच पुटपुटत होता, “च्यायला, इथून पलीकडे जायचं कसं?”

चक्क मराठीत.

“डावीकडचा रस्ता घे,” मी म्हणाले. “फार घाट नाहीत त्यात.”

तो इतका दचकला की हातातलं पिवळं हायलायटर टेबलाखाली घरंगळलं. ते काढायला दोघंही वाकलो आणि... कपाळावर कपाळ.

“सॉरी, सॉरी!” तो कपाळ चोळत हसला. हसताना त्याचा एकच डोळा बारीक व्हायचा. “तू जाऊन आलीयेस वाटतं?”

“नाही. मी कुठेच जात नाही.”

खरंच होतं ते. माझ्या पासपोर्टावरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता. इथे राहायला आणि नोकरी करायला कागद पक्के होते, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परतण्याआधी भारतात जाऊन नवा शिक्का घ्यायचा. आमच्या ऑफिसातला प्रताप तसा चार महिने अडकला होता. तेव्हापासून मी दर शनिवारी ॲटलसमधूनच फिरत असे. त्याला शिक्का लागत नाही.

त्याचं नाव निमिष, नागपूरचा. मी कादंबरी, पुण्याची. जूनमध्ये त्याचे आईबाबा भारतातून म्युनिकला येणार होते आणि हा इथून; त्याचा शिक्का अजून चालू होता. मग गाडी भाड्यानं घेऊन चौदा दिवसांत रोमपर्यंत.

“आईची एकच अट आहे,” तो म्हणाला, “स्वित्झर्लंड. बाकी कुठेही ने म्हणते.”

“आणि तुझी?”

“माझी? रस्ता चुकलो तर रागावणारं कुणीतरी शेजारी हवं.”

मी नकाशात तोंड खुपसलं. कान तापले होते, ते केसांआड होते हे बरं.

मग शनिवार ठरूनच गेले. मी ॲटलसच्या पानांच्या झेरॉक्स काढायची, तो त्या चिकटवायचा आणि मी त्यावर हायलायटरनं रस्ता आखायची. मी दिवसाला अडीचशे किलोमीटर म्हणायची, तो चारशे.

“यार, टेक्ससमध्ये आपण एवढं जेवायला ड्राइव्ह करतो!”

“तुझ्या बाबांचे गुडघे टेक्ससचे नाहीत.”

“तू पुण्याची ना? तरीच. गुडघ्यांचंसुद्धा टाइमटेबल.”

तो असा चिडवायचा आणि मी घरी जाऊन त्याच्या बाबांसाठी दर दीड तासाला एक थांबा शोधून ठेवायची. कुणा अनोळखी काकांच्या गुडघ्यांची एवढी काळजी मला का, हे मला नीट कळत होतं. ते त्याला सांगायची हिंमत तेवढी नव्हती. जो जाणार त्याला, न जाऊ शकणारीनं काय सांगायचं?

निघायला बारा दिवस उरले तेव्हा त्यानं फाइलला लावायला आईबाबांच्या व्हिसाची प्रत पाठवली. मी सहज नजर टाकली आणि मग पुन्हा नीट वाचलं. प्रवेशाच्या रकान्यात आकडा होता एक. एकदाच प्रवेश. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीत तो चालतो. पण स्वित्झर्लंड तेव्हा या सामायिक व्हिसाच्या गटात आलं नव्हतं. त्याचा व्हिसा वेगळा. आणि तिकडे बाहेर पडलं की हा एक प्रवेश संपला, इटलीच्या दारातून तिघांना परत फिरावं लागणार.

अख्खं ऑफिस व्हिसाचे प्रश्न मला विचारतं. आणि मीच पिवळी रेघ ओढत त्या देशातून आरपार गेले होते! टेक्ससमधून शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात जाताना कुणी विचारत नाही, त्याची सवय. इथल्या चार वर्षांत सरहद्द म्हणजे काय हे मी विसरले होते.

शनिवारी मी लायब्ररीच्या दारातच त्याला सगळं सांगितलं. एका दमात. मग आदल्या रात्री जागून काढलेला नवा रस्ता त्याच्या हातात दिला. म्युनिक, इन्सब्रुक, खिंड ओलांडून इटली.

“बर्फ आहे,” मी म्हणाले, “पण स्वित्झर्लंड नाही. माझ्यामुळे काकूंचं...”

त्यानं परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड काढलं आणि तिथेच पार्किंगमध्ये नागपूरला फोन लावला. स्पीकरवर. सगळं सांगितलं.

“बर्फ आहे ना तिथे?” काकूंनी विचारलं.

“आहे.”

“मग झालं की! बर्फावर देशाचं नाव लिहिलेलं असतं का रे? बरं, ते राहू दे. त्या कादंबरीला विचारलंस का? तीन महिने नुसता शनिवार-शनिवार ऐकतेय मी.”

निमिषनं घाईघाईनं स्पीकर बंद केला. पण उशीर झाला होता. त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघत होते.

“काय विचारायचं होतं?” मी विचारलं.

त्यानं जुना नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. स्वित्झर्लंडमधून जाणाऱ्या माझ्या रेघेवर बोट ठेवलं. “ही रेघ खोडू नको. आईला बर्फ दाखवून येतो. हा तुकडा तुझ्याबरोबर.”

“निमिष, माझं ग्रीन कार्ड यायला सहा-सात वर्षं लागतील.” हसू आणि रडू एकदमच येत होतं. “तोवर मी कुठेच जाणार नाही. एवढी वर्षं कोण थांबतं?”

“एकट्यानं थांबायचं असेल तर फार आहेत,” तो म्हणाला. “पण आपण बरोबर थांबू ना. इथेच. लग्न करून.”

मी त्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि त्या रेघेच्या कडेला लिहिलं — दिवसाला अडीचशे किलोमीटर. जास्त नाही.

“तीनशे?” त्यानं विचारलं.

“तुझ्या आईला हो सांग,” मी म्हणाले. “मग बघू.”