एमलिन प्रॉथेरोची दहा मिनिटं

हेडन प्रोबर्टला त्या संध्याकाळी फक्त बॉयलर पेटवायचा होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला पाहुणे येणार होते, इमारत दहा महिने गार पडलेली होती. रात्रभर बॉयलर चालला तर सकाळी लोकांना अंगावरचे कोट काढून बसता येईल, एवढीच गोष्ट. कौन्सिलमधून फोन आला, हेडनने किल्ल्या उचलल्या आणि बायकोला, काइनवेनला, सांगितलं की जेवण वाढायला घे, अर्ध्या तासात येतो. तारीख एकोणीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. मंगळवार. साडेसहाला तो घराबाहेर पडला. नोव्हेंबरात आपल्याकडे साडेचारलाच काळोख होतो, म्हणजे रात्रच म्हणा.

हे मला त्यानेच सांगितलं, त्याच रात्री, मी चालवायचो त्या बसमध्ये बसून. हेडनला मी तीस वर्षं ओळखत होतो. दारू नाही, थापा नाहीत, कौन्सिलच्या इमारतींची राखण करणारा साधा माणूस. रायन, तू हसतोयस. हस. पण मध्ये बोलू नकोस.

तुम्ही पोरं त्या इमारतीला आता ‘केंद्र’ म्हणता. आमच्यासाठी तो दवाखाना. कूम हेस्गेन खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणवाल्यांनी आपल्या पगारातून बांधलेला. शनिवारी दुपारी पाळी संपली की बापे दगड वाहायचे आणि बायका चहा घेऊन यायच्या. पंच्याऐंशी साली खाण गेली, दवाखाना राहिला. ज्यांच्या छातीत कोळशाची धूळ साचली होती, ते तिथे यायचे, ऑक्सिजनची नळी नाकाला लावून तासभर बसायचे, एकमेकांची टिंगल करायचे आणि घरी जायचे.

मग सुधारणा आली. सगळ्या सेवा एका छताखाली आणायच्या ठरल्या आणि ते छत निघालं डोंगरापलीकडे, दोन बस बदलून. त्याआधी आमचं मत घ्यायला माणसं आली होती. एकदा नाही, तीनदा. चॅपलच्या हॉलमध्ये बिस्किटं ठेवली, प्रत्येकाच्या हातात रंगीत चिकट चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाले, खोऱ्याबद्दलचं तुमचं स्वप्न लिहा. एमलिन प्रॉथेरो हेडनच्या शेजारच्या घरात राहायचा, चौऱ्याहत्तर वर्षांचा, बायको गेलेली. त्याने तिन्ही वेळा एकच शब्द लिहिला. दवाखाना. अहवालात काय छापून आलं माहितेय? ‘या जागेशी लोकांचं भावनिक नातं आहे.’ मी तो अहवाल वाचला आहे. वाचून हात धुतले होते.

जानेवारीत दवाखाना बंद झाला. कुलूप लावायचं काम हेडनचं.

फेब्रुवारीत एका सकाळी पाऊस लागला होता. एमलिन दुसऱ्या बसची वाट बघत बघत थकला. पहिली बस माझी, ती उशिरा पोचली तर पुढची सुटायची, मग दीड तास थांबा. त्या दिवशी तसंच झालं, आणि तो थांब्यावरून परत चालत गावात आला. दवाखान्यात हेडन सामान मोजत होता, तो दारात आला. एमलिन म्हणाला, “हेडन, पोरा, दहा मिनिटं बसू दे. दम खातो नि जातो.”

हेडन म्हणाला, “काका, इमारतीचा विमा नाही आता. आत कुणाला घेता येत नाही मला.”

एमलिनने वाद घातला नाही. बरं म्हणाला आणि निघाला. संध्याकाळी तो बसथांब्याच्या बाकावर मिळाला. बसलेलाच होता. मला वाटलं, डुलकी लागली असेल. मीच हात लावला होता त्याला…

असो. आता त्या मंगळवारकडे येतो.

हेडनने दार उघडलं. दिवे लावले. आत ताज्या रंगाचा वास, डोकं धरेल इतका. बाकडी गेली होती, त्या जागी पिवळ्या मऊ खुर्च्या. जिथे नर्स बसायची तिथे कॉफीचा काउंटर. आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, एक फोटो. पाळी संपवून बाहेर आलेले खाणवाले, तोंडं काळी, दात पांढरे. डावीकडून तिसरा एमलिन. चोवीस वर्षांचा, खदखदून हसतोय. फोटोखाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘खोऱ्याला नवा श्वास’.

हेडन मला म्हणाला, “मर्विन, मला तिथून निघून जायचं होतं. खरंच. बॉयलरसाठी थांबलो.”

एमलिनच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का? नाही. घरचं कुणी उरलंच नव्हतं. न विचारणं सोपं गेलं असणार.

तो तळघरात उतरला. बॉयलर जुनाच होता, पहिल्यांदा पेटला नाही, दुसऱ्यांदा पेटला. पाणी तापायला लागेपर्यंत तो शेजारी उभा राहिला. पाईप टिकटिक करायला लागले. तेवढ्यात वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

रंगारी असतील, त्याला वाटलं. मग आठवलं, दाराला त्याने आतून कडी घातली होती.

तो जिन्याने वर आला. खोली रिकामी. दिवे चालू. खुर्च्या जागच्या जागी. त्याने म्हटलं, कोण आहे.

मग कुणीतरी खोकलं.

तो खोकला तुम्ही ऐकलेला नाही. तुमच्या वयाच्या पोरांनी नाहीच ऐकलेला. छातीच्या तळातून ओढत ओढत येतो, आणि सुटत नाही. आम्ही तो भिंतीपलीकडून ऐकत लहानाचे मोठे झालो. एक खोकला. मग दुसरीकडून दुसरा. मग खिडकीपाशी तिसरा. खोलीत कुणी नव्हतं. पिवळ्या खुर्च्या आणि खोकला.

हेडन हलला नाही.

मग दार वाजलं.

नवं दार काचेचं. बाहेर रस्त्यावरचा दिवा, त्याचा उजेड पायरीवर पडलेला. पायरीवर कुणी नव्हतं. पण काच वाजत होती. हळू. बोटाच्या पेराने वाजवावी तशी.

“हेडन…”

आवाज काचेला तोंड लावून बोलल्यासारखा.

“हेडन, पोरा… दहा मिनिटं…”

आणि हेडनच्या तोंडून उत्तर गेलं. हे सांगताना तो बसमध्ये रडला. त्याला बोलायचं नव्हतं. तोंड आपोआप उघडलं आणि जे तो वर्षभर प्रत्येक दारात सगळ्यांना सांगत आला होता, ते बाहेर पडलं. बंद केलेल्या ग्रंथालयाच्या दारात, पोहण्याच्या तलावाच्या दारात, इथे.

“विमा नाही, काका.”

खोलीतले खोकले थांबले.

एकदम.

सगळे.

तो म्हणाला, त्या शांततेत मला कळलं की ते सगळे माझ्याकडे बघताहेत.

पाईप टिकटिकत होते. शेवटी त्याने कडी काढली. दार उघडलं. बाहेर कोरडी थंडी. रस्ता मोकळा. आणि त्याच्या बाजूने… काहीतरी आत गेलं. घाई नाही. म्हातारा माणूस जाईल तसं. ओल्या लोकरीचा वास आला.

एका पिवळ्या खुर्चीची गादी खाली दबली.

हेडन पळाला नाही. मी त्याला विचारलं, का नाही पळालास? तो म्हणाला, “एकदा मी त्याला बसू दिलं नव्हतं.” तो गेला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. भिंतीवर नवं घड्याळ होतं, त्याकडे बघत राहिला. शेजारून श्वास ऐकू येत होता. आत… मध्ये थांबलेला… बाहेर. आत… थांबलेला… प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही येणार.

सात मिनिटं.

आठ.

“काका,” हेडन म्हणाला, “माझं चुकलं.”

श्वास आत गेला.

बाहेर आला नाही.

गादी मात्र दबलेलीच राहिली.

सव्वासातला माझी गाडी नाक्यावर उभी होती. हेडन आत चढला, तिकीट मागितलं नाही, मागच्या सीटवर जाऊन बसला. चेहरा राखेसारखा. मी दिवे बंद केले आणि त्याच्यापाशी गेलो. तेव्हा हे सगळं कळलं. दाराला कुलूप लावलंस का, विचारलं. म्हणाला, नाही. ते कुलूप मी आता लावणार नाही. आणि खरोखर, महिनाअखेरीला त्याने नोकरी सोडली.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. एकट्याला सोडवेना. आत छान ऊब होती. शहरातून आलेली साहेब लोकं कोट काढून हसत होती. त्यांची प्रमुख फिलिपा हॅवर्ड नावाची बाई, राखाडी सूट, गळ्यात खाणवाल्यांच्या कंदिलासारखा छोटा चांदीचा दिवा लटकवलेला. ती फोटोसमोर उभी राहून बोलली. या भिंतींनी खूप सोसलं आहे, म्हणाली. लोकांनी स्वप्नं लिहून दिली आणि आम्ही ऐकलं, म्हणाली. टाळ्या पडल्या. मी हेडनकडे बघितलं. तो एका खुर्चीकडे बघत होता. तिथे कुणीच बसलं नव्हतं. जागा कमी पडत होती, माणसं उभी होती, तरी त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

मग चहा. काउंटरवर ट्रेमध्ये पांढरे कप पालथे मांडलेले, नवेकोरे, आदल्या दुपारी धुऊन पुसून ठेवलेले. काउंटरवरच्या मुलीने बाईंसाठी पहिला कप उचलला, सरळ केला, आणि तशीच थांबली.

कपाच्या तळाशी काळा बेडका होता. घट्ट, ओला. कोळशासारखा काळा.

तिने तो घाईने बाजूला ठेवला. दुसरा सरळ केला. त्यात तसंच. तिसरा. चौथा तिने उचललाच नाही. मी पुढे होऊन बाकीचे सरळ केले. एकही सुटला नव्हता. खालचा ट्रे कोरडा होता, पांढराशुभ्र, एक डाग नाही. कप पालथे असून थेंब खाली उतरला नव्हता.

सगळ्यांनी बघितलं. एक साहेब हळूच म्हणाला, गावातल्या पोरांचे उद्योग असतील. फिलिपाबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि सफाईवाल्या कंपनीला फोन करायला सांगितलं.

मग गाडीतून कागदी कप आणले. आणि त्यांनी चहा घेतला. तिथेच, त्याच खोलीत, बिस्किटांबरोबर.

मी त्या पांढऱ्या कपांतला एक उचलून वास घेतला होता. आमच्या घरी बापाच्या उशाशी थुंकायचा डबा असायचा, त्याचा तो वास.

बेडका अजून गरम होता.