गोरिलाच्या ओळीतला टी

"वानराचं जनुक चोरीला गेलंय," म्हणत प्राध्यापक रेवणसिद्ध हुसेनबींच्या नांदेडमधल्या छोट्या ऑफिसात शिरले, तेव्हा व्यंकटीनं आधी वनखात्याचा फोन नंबर शोधायला घेतला.

"डायरी ठेव, व्यंकटी," हुसेनबी म्हणाल्या. "सर, पाणी घ्या. मग नीट सांगा."

हुसेनबी खासगी तपास करत. बरीचशी कामं लग्नाआधीच्या चौकशीची. निवृत्त हवालदार व्यंकटी त्यांच्या हाताखाली होता, आणि नवरदेवाचं खरं वय काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण जनुक?

किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. सरांचाही एक, पत्र्याच्या शेडमध्ये. रविवारी निवड परीक्षा. पहिल्या वीस पोरांना वर्षभर फुकट शिकवणी. शेवटचा प्रश्न सरांचा लाडका: माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि वानर यांच्या वाढीच्या संप्रेरकाच्या जनुकाचे तुकडे, प्रत्येकी चाळीस अक्षरं. ए, टी, जी, सी. अक्षरं ताडून कोण कुणाच्या जवळचं ते ओळखायचं आणि वंशवृक्ष काढायचा.

"तोच प्रश्न काल समोरच्या क्लासनं छापून वाटला! टाइप आमचा वाजिद करतो. सगळ्यांसमोर हाकलला त्याला."

"विचारलं काही?"

"विचारायचं काय त्यात?"

हुसेनबींनी सरांचा मूळ कागद आणि फुटलेला कागद व्यंकटीपुढं ठेवला. दोनशे अक्षरं ताडताना त्याला घाम फुटला.

"तीन ठिकाणी फरक हाय, आपा. गोरिलात जी चा टी झालाय. चिंपांझीत सी-ए चं ए-सी. अन् वानराचं शेवटचं अक्षर गायब."

"बघा, कसा गबाळ टाइप करतो," सर म्हणाले.

दुपारच्या एसटीनं तिघं लातूरला पोचले.

ऑफिस सांभाळणाऱ्या सुमनबाईंनी आपला कागद लगेच काढून दिला. "सरांचं अक्षर लई वंगाळ. मी नीट उतरवून काढलं. गोरिलापाशी जी का टी ते कळंना, टी लिवलं. वाजिदभाई अन् मलप्पा सर, दोघांनी माझ्याच कागदावरनं घेतलं." मग त्या घाबरल्या. "माझा भाचा समोरच्या क्लासला जातो, पण आई रेणुकेची शपथ!"

व्यंकटीनं 'भाचा' दोनदा अधोरेखित केला.

वाजिद घरीच होता. कालपासून जेवला नाही, असं त्याची आई म्हणाली. त्यानं टाइप केलेला कागद पुढं केला. "ओरांगउटानात एक अक्षर चुकून दोनदा पडलं. दुरुस्त करणार होतो. त्याच्या आधी मलाच काढलं."

मदतनीस शिक्षक मलप्पा क्लासबाहेर फलकाकडं बघत उभे होते. फलकावर रेवणसिद्ध सरांचा बारा फुटी फोटो. मलप्पांचं नाव खाली कोपऱ्यात, व्यंकटीला वाकून वाचावं लागलं एवढं.

"मी उत्तरं काढायला हातानं उतरवलं होतं," मलप्पा म्हणाले आणि कागद दिला.

व्यंकटी पुन्हा ताडायला बसला. "सुमनबाईंचा टी हायच. अन् चिंपांझीत ए-सी. वानर बरोबर हाय."

संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. सरांनी वाजिदला बोलावलं नव्हतं. हुसेनबींनी पाचही कागद टेबलावर मांडले.

"सर, वंशवृक्ष कसा काढता हो?"

"जो बदल दोघांत सारखा, तो बहुधा एकाच पूर्वजाकडून आलेला. सारखे बदल जास्त, तेवढं नातं जवळचं."

"मग काढू या. गोरिलातला टी सुमनबाईंच्या हातून झाला. तो फुटलेल्या कागदात हाय. म्हणजे तो कागद सुमनबाईंच्या खानदानातला."

"भाचा!" व्यंकटी ओरडला.

"थांब. चिंपांझीतला ए-सी सुमनबाईंकडं न्हाई. तो कुठून आला? वाजिदकडूनही न्हाई. वाजिदचं डबल अक्षर तर फुटलेल्या कागदात उतरलंच न्हाई. फुटलेला सोडला तर ए-सी फक्त एका कागदात हाय."

सगळ्यांच्या माना मलप्पांकडं वळल्या.

"मी... मीच त्यांच्या छापील कागदावरनं उतरवला असंल तर?" मलप्पा म्हणाले.

"तर तुमच्याही वानराचं शेवटचं अक्षर गायब असतं. ते शाबूत हाय. तुमचा कागद बाप, त्यांचा लेक."

मलप्पांनी टेबलावरचा आपला कागद उचलला. "समोरचे म्हणले, आमच्या फलकावर तुमचा फोटो लावू. नऊ फुटाचा."

"अरे, फोटो पाहिजे तर मला सांगायचं!" सर गरजले.

"तीन वर्षं सांगून राहिलो, सर."

 सर चपला घालून थेट वाजिदच्या घरी गेले. हुसेनबी आणि व्यंकटी मागोमाग. दारात सर बराच वेळ खाकरत राहिले.

"नवीन प्रश्न काढतो. टाइप करायला ये," ते शेवटी म्हणाले.

"येतो, सर. पण काढलं पोरांसमोर होतं, बोलवाबी तिथंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड पोरांनी खच्चून भरलं होतं. सरांनी खडू खाली ठेवला, दारातल्या वाजिदकडं वळून हात जोडले. "वाजिदभाई, चूक माझी होती. न विचारता तुमच्यावर आळ घेतला."

 वाजिदनं मान हलवली, डोळे पुसले आणि आत जाऊन कम्प्युटर सुरू केला.

व्यंकटी मागच्या बाकावर बसला होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. एकही दांडकं न उगारता मिळालेले दोनच, मलप्पांचा आणि हा सरांचा.