आनंदा मिस्त्रींचे तीनशे बारा हात

खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा होते. आनंदा मिस्त्रींच्या अंगणात मात्र लेथबरोबर त्यांच्या हातांचीही होत असे. सकाळी आठलाच रांग लागली होती. मिस्त्री पाटावर बसले होते, दोन्ही पंजे समोरच्या चौरंगावर ठेवलेले, आणि एकेक तरुण पुढे येऊन त्या पंजांना हळदकुंकू लावत होता, झेंडूचं फूल वाहत होता, पाया पडत होता. यंदाचा आकडा होता तीनशे बारा. सगळे पुरुष, वय अठरा ते बत्तीस. नमस्काराला हात जोडले की प्रत्येकाची उजवी करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून उभी राही. मिस्त्रींची करंगळी एकोणिसाव्या वर्षी लेथच्या फिरत्या पकडीत, चकात, सापडली होती, तेव्हापासून ती वाकत नव्हती. या पोरांच्या करंगळ्यांना कधी काहीच झालं नव्हतं. ती खोड त्यांच्याकडे हाताबरोबर आली होती.

हा हात येण्याच्या तंत्राला हस्तस्मृती म्हणत. सायकल शिकलेला माणूस वीस वर्षांनी सायकलवर बसला तरी पडत नाही, कारण ते शिकणं त्याच्या लहान मेंदूत रुजलेलं असतं. कोल्हापूरच्याच डॉ. नियती हुपरीकरांनी पंधरा वर्षांपूर्वी हे रुजलेलं ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात नेण्याची युक्ती काढली. कसलेल्या कारागिराच्या हाताला वर्षभर बारीक तारांचं जाळं बांधायचं आणि कोणता स्नायू केव्हा, किती ओढला जातो ते टिपायचं. मग तेच संदेश कोपरापर्यंतच्या एका बाहीतून शिकणाऱ्याच्या मज्जातंतूंना द्यायचे. एकवीस दिवस बाही घातली, की बाविसाव्या दिवशी चाळीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसाचा हात तुमचा. एकसारखे हजार तुकडे कापायला यंत्रमानव होतेच. पण एखाद्या जुन्या पंपाला बसणारा एकच दांडा काढायला अजून हातच लागत असे, आणि अशा हाताला गावोगावी मागणी होती.

मिस्त्रींना डॉक्टरबाईंचे उपकार आठवले नाहीत असा दिवस जात नसे. त्यांच्या मुलाने, शशिकांतने, ग्रीसचा वास सहन होत नाही म्हणून बँकेतलं टेबल पत्करलं, तेव्हा हे हात आपल्याबरोबर पंचगंगेच्या घाटावर जळणार हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्याऐवजी आज ते हात हुबळीपासून नाशिकपर्यंत लेथ चालवत होते. सातवी नापास म्हाताऱ्याला देवाने याहून जास्त काय द्यावं? रांगेतल्या कुणी घर बांधलं होतं, कुणी बहिणीचं लग्न केलं होतं, आणि प्रत्येक जण ते सांगताना आधी आबांचं, म्हणजे मिस्त्रींचं, नाव घेत होता. आबांचे डोळे सकाळपासून चार वेळा भरून आले होते.

आणि आज तर घरचंच कार्य होतं. नातू राजवीर सतरा वर्षांचा झाला होता. डॉक्टरबाईंच्याच अभियांत्रिकी कॉलेजात त्याला जागा मिळाली होती, पण त्याला आजोबांची बाही हवी होती. अर्जावर घरच्या मोठ्या माणसाची सही लागे, आणि शशिकांतने आबा म्हणतील ती पूर्वदिशा म्हणून हात झटकले होते. रांग संपली की सगळ्यांसमोर सही करायची असं मिस्त्रींनी ठरवून ठेवलं होतं. अर्ज खिशात होता, पेनही.

दहाच्या सुमाराला डॉ. हुपरीकर आल्या. दरवर्षी येत, पेढे खात, अर्ध्या तासाने जात. यंदा पेढा त्यांच्या हातातच राहिला. मिस्त्रींनी रांग घटकाभर थांबवली आणि कॉलेज कसं चाललंय म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षाला ऐंशी जणांत एकाहत्तर मुली आहेत आणि नऊ मुलगे.

मिस्त्रींना हसू आलं. "पोरी हुशार झाल्या, का पोरं मठ्ठ झाली म्हणायची?"

"बुद्धीचा काय संबंध, मिस्त्री? सतराव्या वर्षी मुलाला समजतं की एकवीस दिवसांत पगार सुरू होतो. मग चार वर्षं वर्गात कोण बसणार? मुलींना ती वाटच नाही."

मुलींना बाही का बसत नाही हे मिस्त्रींना कधी नीट उमगलं नव्हतं. बाही जरा आत मुडपून शिवावी, एवढंच त्यांना वाटे. डॉक्टरबाईंनी समजावलं, की अडचण कापडाची नाही. हाडाची लांबी आणि पंजाची रुंदी जशी असेल तशी स्नायूची ओढ ठरते. मिस्त्रींची ओढ लहान पंजाला दिली की हात ठरल्या जागेच्या पुढे जातो. ज्या चाळीस कारागिरांचे हात टिपले ते सगळे पुरुष, कारण कारखान्यात दुसरं कुणी नव्हतंच. मुलींसाठी बाही करायची तर चाळीस वर्षं लेथवर घालवलेली बाई हवी, आणि तशी एकही सापडली नाही.

"बिचाऱ्या," मिस्त्री मनापासून म्हणाले.

"मलाही तसंच वाटायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हात शिकतो तो चुकांमधून. चूक झाली की लहान मेंदू पुढच्या वेळी वळण बदलतो. बाहीतून सगळं बिनचूक आलं, त्यामुळे चूक सुधारणारा भाग कामालाच लागला नाही. आणि वापरला नाही म्हणून तो झोपला. मी पहिल्या तुकडीतली मुलं पुन्हा तपासली. बारा वर्षांत त्यांचा हात केसभरही बदललेला नाही."

मिस्त्री म्हणाले, मग चांगलंच की, हात बिघडला नाही. डॉक्टरबाईंनी लेथजवळ पडलेल्या करड्या दांड्यांकडे बोट दाखवलं. गेल्या दोन वर्षांत सगळे नवे पंप या मिश्रधातूचे येऊ लागले होते. जुन्या पंपांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हळुवार हाताने कापलं तरी चालतं. हा धातू मात्र टूल घासत राहिलं की आणखी कडक होतो, त्याला न थांबता दाबून कापावं लागतं. मिस्त्रींनी वयाच्या सत्तराव्या वर्षी, पुन्हा उमेदवार होऊन, तो वश करून घेतला होता. चाळीस तुकडे भंगारात गेले तेव्हा.

म्हाताऱ्याने लेथवरचा झेंडूचा हार उतरवला तसा अंगणात गलका झाला. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही, ही रीत त्यांनीच पोरांना शिकवलेली. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही; करडा धातू पोरांना जमतो का, हे त्यांना आत्ताच बघायचं होतं. पोरांमधला सगळ्यांत तरबेज म्हणून धैर्यशीलला बोलावलं. अकरा वर्षं लेथवर होता. करडा दांडा चकात बांधून दिला आणि तोंडाने सांगितलं, की थांबायचं नाही, दाबून घ्यायचं.

धैर्यशीलने मान डोलावली. हात मात्र बिडावरच्या चालीने गेला, मध्यावर किंचित थबकला, आणि टूल चर्रकन मोडलं. मिस्त्रींनी दांडा बदलून दुसरं टूल लावलं. ते त्याच जागी मोडलं. तिसरंही. त्यांनी तिन्ही दांडे शेजारीशेजारी ठेवले. खाचा एका रेषेत होत्या. त्यांचे स्वतःचे चाळीस तुकडे चाळीस ठिकाणी बिघडले होते, आणि प्रत्येकाने त्यांना काहीतरी सांगितलं होतं.

"परत कर," ते म्हणाले. त्यांनी चौथं टूल पुढे केलं.

धैर्यशीलने हात पुसले. त्याला ना राग आला होता, ना लाज वाटली होती. तो अतिशय आदराने म्हणाला, "आबा, बाही केली तवा तुमच्या हातालाच ह्ये येत नव्हतं. मग मला कुठनं यील? जेवढं दिलंसा तेवढ्यावर आमचं सोनं झालं. ह्ये नवं काय असंल ती इंजिनेर पोरी बघतील." आणि तो पाया पडला.

मिस्त्रींनी खिशातला अर्ज काढून राजवीरला बोलावलं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. उद्या कॉलेजात जाऊन जागा धर, म्हणाले. पोराचा चेहरा पार उतरला. वर्गात एकाहत्तर मुलींसमोर चुकत बसायचं, आणि बरोबरीच्या मित्रांनी महिन्यात पगार घरी आणायचा, हे त्याला सोसणारं नव्हतं.

"जगाला हात दिलासा, आबा," तो म्हणाला. "घरच्यालाच तेवढं न्हाई."

तो आत गेला आणि दार लावून घेतलं. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, की नव्या बाह्या थांबवायला त्यांनी बाह्या देणाऱ्या संस्थेला चार पत्रं लिहिली आहेत. एकाचंही उत्तर आलेलं नाही. मिस्त्रींनी विचारलं, माझेच हात आहेत, मी नको म्हणालो तर? डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. टिपलेला हात कायमचा संस्थेचा, अशा करारावर मिस्त्रींनी पंधरा वर्षांपूर्वी आनंदाने अंगठा आणि सही दोन्ही दिलं होतं.

रांग पुन्हा सरकू लागली. मिस्त्रींना पाटावर बसावंच लागलं, कारण एवढी माणसं लांबून आली होती. पुढे एक बाई होती. थोरल्या मुलाकडे आबांचा हात होता, तो मागे हसत उभा. आज ती धाकट्याला घेऊन आली होती, आणि सोबत मुलगीही होती, काखेत पुस्तकं धरलेली.

"आबा, ह्याला उद्या बाही चढतीया. डोक्यावर हात ठेवा. तुमचं उपकार कसं फेडायचं सांगा." मग मुलीकडे बघून ती जरा ओशाळली. "हिचं काय नशीब न्हाई. हिला शिकावं लागतंय."

"बाई, जरा दमानं घ्या," मिस्त्री म्हणाले. "वरीसभर थांबवा की त्याला."

त्या बाईला तो मोठ्या माणसाचा विनय वाटला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मुलाला पुढे वाकवलं. मिस्त्रींनी त्याचे दोन्ही हात धरले. कोवळे होते, घामेजलेले, आणि त्यांना अजून काहीच येत नव्हतं. म्हाताऱ्याला ते सोडवेनात. पोराला वाटलं हाच आशीर्वाद, आणि तो आभार मानत राहिला.