सर्वांत जुनी नोंद

"शाई खोटं बोलत नाही, उत्तराबाई," म्हणत डॉ. बागवानांनी प्रयोगशाळेतल्या शाईकालमापकाच्या काचेखाली कागद सरकवला.

यंत्र त्यांचंच. काजळीच्या शाईतल्या डिंकाचे रेणू किती तुटलेत ते मोजून लिखाणाचा महिनासुद्धा सांगायचं. त्याच्यापुढे बनावट सनदांची डाळ शिजेना, तेव्हा कुठे तांबरवाडीसाठी चाळीस वर्षं हमरीतुमरीवर आलेली दोन राज्यं कराराला तयार झाली. करार एका ओळीचा: सर्वांत जुनी अस्सल नोंद म्हणेल ते अक्षरशः अमलात आणायचं.

उत्तरा खडके मोडीची जाणकार आणि तांबरवाडीची लेक. पलीकडच्या राज्याने १७९१ची सनद आणली होती. चार हजार माणसं, त्यांत तिचे आप्पा, परक्या राज्यात जाणार! तिने दप्तरखाना पालथा घातला. एका पानावर गावाचं नाव आणि जुनं साल दिसलं, तेवढ्यावरच बाई धावत सुटली. चिकटलेली घडी उलगडायचंही तिला सुचलं नाही.

"१७६३, आषाढ. अस्सल! जिंकलात की!" बागवान म्हणाले आणि त्यांनी अलगद घडी सोडवली.

आत एवढंच होतं: 'मौजे तांबरवाडी, बेचिराग.'

"म्हणजे हो काय?"

"जिथे एकही दिवा लागत नाही असं गाव. ओस पडलेलं." उत्तराने ती ओळ पुन्हा वाचली. "सर, दुष्काळात लोक चार महिने परगावी गेले असतील. परतले असतील! आम्ही त्यांचेच ना!"

"असेलही. पण यंत्र फक्त शाईचं वय सांगतं."

"मग कागद सापडलाच नाही म्हणा!"

बागवान तिच्याकडे बघेनात. "निकाल कागदाच्या चित्रासकट थेट दोन्ही राजधान्यांना जातो. गेलासुद्धा."

"पण असला निकाल मानेल कोण?"

"दोघंही मानतील, बाई. यात कुणीच हरत नाही."

दोन तास ती आप्पांना फोन लावत होती. शेवटी त्यांचाच आला.

"पोरी, वीज तोडलीय. दोन्हीकडचे पोलीस गावात शिरलेत."

"भांडतायत का?" भांडत असू देत रे देवा, असं तिने जन्मात पहिल्यांदा म्हटलं.

"छे गं! अगदी गुण्यागोविंदाने चाललंय. गल्ल्या वाटून घेतल्यात, घरं रिकामी करा म्हणतात. एवढं तरी सांग, निकाल लागला कुणाच्या बाजूने?"