खडीच्या रस्त्यावर मागितलेलं नाव

लाइट काही आता येत नाही. बसा असेच. दार उघडं राहू द्या, वारं तरी येईल. मगाशी कोण म्हणालं, की भुतंबितं जुन्या लोकांच्या डोक्यात असतात म्हणून? असतील बाबा. पण लिंबाजीचं सांगतो. उदगीरच्या मोंढ्यात आम्ही दोघं एका टोळीत पोती उचलायचो. दारू नाही, विडी नाही, रविवारची उपासना चुकवायची नाही. उभ्या जन्मात त्या माणसानं मला एक थाप मारली नाही. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं तुमच्यापुढं ठेवतो.

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. स्टँडावरच्या पाट्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलेलं, रंगाखालून जुनं नाव डोकवायचं. जिल्हा नवा आला, पाणी काही आलं नाही. पावसानं सलग दगा दिलेला. बायका टँकरच्या वाटेवर घागरी मांडून बसायच्या आणि घागरीपाशीच झोपी जायच्या. लिंबाजीनं तोवर मोंढा सोडला होता. गुडघे गेले, तेव्हा बायकोला, भामाबाईला घेऊन तो शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिला.

त्याचा एकुलता एक पोरगा शांतवन नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या अलीकडं करडवाडी म्हणून गाव आहे, तिथं मास्तर होता. शांतवनचं पहिलं लेकरू दहा दिवसांचं होण्याआधीच गेलं. बाप्तिस्मा व्हायचा होता, नाव ठेवायचं होतं. पुरताना शांतवननं बापाला विचारलं, "बाबा, प्रार्थनेत काय म्हणून घेऊ याला?" आणि लिंबाजीला उत्तर देता आलं नाही. ते त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं. चांगला बोलता बोलता मधेच थांबायचा आणि म्हणायचा, "बिननावाचं गेलं बघ."

आता दुसरं झालं होतं. मुलगा. पण अंगानं काडी. दूध पचेना. रडणंसुद्धा मांजरीच्या पिलाएवढं. शांतवनचा निरोप आला, की ईस्टरला पाळकसाहेब येणार आहेत, बाप्तिस्मा तेव्हाच उरकू. त्यांच्याकडं दहा गावं, पुन्हा कधी येतील नेम नाही. आणि बाबा, नाव तुम्ही सांगायचं.

त्यांच्या घरची रीत होती ती. पाळकानं विचारलं, की आज्यानं नाव सांगायचं. तोवर ते नाव चारचौघांत काढायचं नाही. लिंबाजीनं नाव ठरवून ठेवलं होतं, शमुवेल. देवाकडं मागून घेतलेलं लेकरू. फक्त भामाबाईला सांगितलं होतं, तेही कानात.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दोघं निघाली. पिशवीत नातवाचं झबलं-टोपडं, वर थोडे शेंगदाण्याचे लाडू. दिवस मावळायच्या आत पोचू, असा हिशेब. पण उदगीरला देगलूरची गाडी उशिरा लागली. निघाली ती मुक्रमाबादच्या पुढं पंक्चर झाली, आणि जादा चाक काढलं तर त्यातही हवा नाही. माणसं रस्त्याच्या कडेला धोतरं-लुगडी झटकत बसली. लिंबाजीला बसवेना. उठायचा, चार पावलं जायचा, परत यायचा.

"बसा की जरा," भामाबाई म्हणाली. "तुमच्या फिरण्यानं चाक भरतंय का?"

"सकाळी उपासना हाय."

"मला म्हाईत हाय."

"नाव मलाच सांगायचं हाय, भामे."

"हाव. सांगा. पण आधी बसा."

करडवाडीच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. होळी होऊन चार दिवस झालेले, म्हणजे चंद्र उगवायला वेळ होता. कंडक्टर भला माणूस. म्हणाला, "आजा, कशाला अंधारात चालता? देगलूरला चला. स्टँडवर पडा अन् सकाळच्या गाडीनं माघारी या."

"न्हाई बाबा. नातवाचा बाप्तिस्मा हाय. ईळभर उशीर झालाच हाय."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीचा तांबडा दिवा लहान होत होत गेला.

फाट्यापासून गाव कोसभर. रस्ता कच्चा, खडीचा, पण सरळ. लांबवर करडवाडीचा एक दिवा दिसत होता. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली, कुठं काडी नाही. रस्त्याचं काम निघालेलं असावं, कारण कडेनं खडीचे ढीग लावलेले होते. भामाबाई हळू चालायची. लिंबाजी पुढं जायचा, थांबायचा, पुन्हा पुढं जायचा.

थोडं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की रातकिडा ओरडत नाही. कुत्रं नाही. टिटवी नाही.

मग आवाज आला. टक... टक... टक.

"खडी फोडून राहिलं कुणीतरी," भामाबाई म्हणाली.

"दिवसा ऊन सोसत न्हाई. रातीचं फोडत असतील."

ते खरंच होतं, त्या साली लोक रात्रीची खडी फोडायचे. पुढच्या ढिगाशी एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं लेकरू, हातात हातोडी. चंद्र नुकता वर येत होता, त्यामुळं तोंड नीट दिसेना. दोघं जवळ आली तशी तिनं हातोडी खाली ठेवली, लेकरू उचललं आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागली.

"कुणाकडं, मावशी?"

"शांतवन मास्तराकडं. आमचा लेक हाय. नातवाचा बाप्तिस्मा हाय उद्या."

"म्हंजे बारसं?"

"आमच्यात तसंच म्हण की. पाणी लावत्यात, नाव ठेवत्यात."

"नाव ठेवणार," बाई म्हणाली. नुसती चालत राहिली.

भामाबाईनं विचारलं, "गाव कोणचं गं, माय?"

"हेच की."

"करडवाडी?"

"न्हाई. हेच. हा रस्ता."

लिंबाजीनं मान वळवून पाहिलं. खडी त्याच्या वहाणेखाली करकरत होती. भामाबाईच्या पायाखाली करकरत होती. बाईच्या पायाखाली... काही नाही.

"लेकरू निजलं का?" भामाबाईनं विचारलं.

"निजलं. ह्याला अजून नाव न्हाई, मावशी. मुकादम म्हणतो, नाव सांग, लिहून घेतो. नाव न्हाई तर सुकडी न्हाई. मला मिळती मूठभर, ती दोघांला कशी पुरावी? दूध आटलं माझं."

सुकडी म्हटलं तसा लिंबाजी चालता चालता थबकला.

तुम्हाला सुकडी माहीत नसेल. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर, तलावाच्या कामावर सरकार मजुरांना ती वाटायचं. पिठासारखी, गोडसर. लिंबाजीनं स्वतः खाल्ली होती. ती बंद होऊन एक जमाना लोटला होता. ह्या दुष्काळात सुकडी कुठंच नव्हती.

आणि करडवाडीचा हा रस्ता बहात्तरला झालेला.

त्यानं भामाबाईचा दंड धरला. "चल."

"अवो, हळू..."

"चल म्हणतो."

दोघं झपाझप निघाली. बाई घाईत दिसेना. तरी ती बरोबरच.

"नाव द्या की, मामा."

लिंबाजीनं पाऊल आणखी उचललं.

"तुमच्याकडं हाय. ठरवलेलं हाय. द्या की."

आमच्याकडं बाळंतपणात गेलेल्या बाईला अलवंतीण म्हणतात. ती नव्या बाळंतिणीच्या घराभोवती फिरते, लेकरू मागते, असं त्यानं लहानपणी ऐकलं होतं. ही लेकरू मागत नव्हती. नाव मागत होती. आणि त्याला वाटलं, नाव गेलं की लेकरूही जाईल. पहिलं तसंच तर गेलं.

प्रार्थना करावी म्हटलं. पहिला शब्द आठवेना. ज्या माणसानं आयुष्यभर म्हटली, त्याला.

करडवाडीचा दिवा समोर दिसत होता. चालले. पुन्हा पाहिलं. तेवढाच. तिथंच.

टक... टक...

आता आवाज मागून आला. मग डावीकडच्या ढिगातून. मग उजवीकडच्या. प्रत्येक ढिगापाशी कुणीतरी फोडत होतं. दिसत कुणी नव्हतं.

"नाव द्या, मामा."

तोच आवाज. राग नाही. रडणं नाही. पाणी मागावं तसा.

"न्हाई," लिंबाजी म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. आवाज फुटला नाही.

आणि भामाबाई थांबली.

दंड सोडवून घेतला तिनं. लिंबाजीनं ओढलं, ती हलली नाही. ती बाईकडं वळली. बराच वेळ बघत राहिली. काय दिसलं, ते तिनं पुढं कधीच सांगितलं नाही.

"आण," ती म्हणाली. "दे हिकडं."

"भामे..."

"तुम्ही गप बसा."

तिनं दोन्ही हात पुढं केले. बाईनं लेकरू दिलं. भामाबाई एकदम खाली वाकली, जणू कुणी हातात पाटा ठेवला. पण सोडलं नाही. सावरलं. खांद्यावर घेतलं. पाठीवर थोपटलं.

"लई गार पडलंय गं," ती म्हणाली.



भामाबाईनं फडक्यावर हात ठेवला. "शमुवेल," ती म्हणाली. नीट, मोठ्यानं. "शमुवेल नाव हाय ह्याचं. आज्यानं ठेवलेलं हाय. सांग जाऊन."

सगळे हातोडे थांबले.

...

लिंबाजी म्हणायचा, ती शांतता त्यानं पुन्हा कधी ऐकली नाही. मग कुठंतरी कुत्रं भुंकलं. दुसरं भुंकलं. त्यानं डोळे उघडले. मिटले कधी होते, ते त्याला कळलं नव्हतं. भामाबाई रस्त्यात एकटी उभी होती. हात खांद्याशी धरलेले. हातांत काही नाही. आणि करडवाडीची पहिली घरं दगड मारावा इतक्या अंतरावर.

शांतवननं दार उघडलं. दोघांचे चेहरे बघून म्हणाला, "काय झालं, बाबा?"

"गाडी पंक्चर झाली," लिंबाजी म्हणाला. "सलाम. लेकरू बरं हाय का?"

लेकरू आईजवळ निजलं होतं. भामाबाईनं लांबूनच बघितलं. प्रवासाचं अंग आहे, उद्या न्हाऊन घेते, म्हणाली, आणि ओसरीवर आडवी झाली. लिंबाजी रात्रभर आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. घडोघडी आत जायचा. लेकराच्या नाकाशी बोट धरायचा. श्वास लागला, की परत उंबऱ्यावर.

पहाटे तो ओसरीवर आला. "नातवाचं नाव देऊन टाकलंस," तो हळूच म्हणाला. "आता ह्याला काय झालं म्हंजे?"

भामाबाई जागीच होती. "आपलं पहिलं नातवंड गेलं, तवा कुणी दिलं का त्याला नाव?"

तो तिच्याजवळ खाली बसला.

"हे जित्तं हाय," ती म्हणाली. "जित्त्याला दुसरं मिळतं."

सकाळी उपासना झाली. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. बाप्तिस्म्यापुरतं पाणी पाळकसाहेबांनी येताना आपल्या सायकलीला बाटली बांधून आणलं होतं. त्यांनी लेकरू हातावर घेतलं आणि विचारलं, "बाळाचं नाव काय?"

लिंबाजी उभा राहिला. सगळे बघत होते. जिभेवर शमुवेलच येत होतं, ते त्यानं गिळलं. दुसरं सुचेना. शांतवन वळून बघायला लागला. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"याकोब," लिंबाजी म्हणाला.

डोक्याला पाणी लागलं, आणि ते काडीएवढं पोर असं रडलं, की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. आईच्या पदराखाली घेतलं, तर ओढून ओढून प्यायलं. पचलं. रात्री पुन्हा प्यायलं. तो याकोब आज देगलूरला आहे, धडधाकट, दोन लेकरांचा बाप. त्याला यातलं कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ते झालं ते झालं. पण त्या दिवशी देवळातून आल्यावर भामाबाईनं कपडे बदलले, आणि धुवायला टाकताना सून तिचं पोलकं हातात घेऊन उभी राहिली. "आत्या," ती म्हणाली, "रात्रीपासून तुम्ही बाळाला घेतलंच नाही. मग खांद्यावर हे दूध कुणी ओकलं?"

भामाबाईनं पोलकं घेतलं. स्वतः धुतलं. दोरीवर टाकलं. ऊन असं, की टाकेपर्यंत लुगडं वाळत होतं. पोलकंही वाळलं. तेवढा रुपयाएवढा डाग सोडून.

भामाबाई पुढं बरीच वर्षं जगली. ती गेल्यावर मी लिंबाजीला भेटायला गेलो. वैशाख होता, पत्रा तापलेला, माठाला पाझर नाही. लिंबाजी उठला. पेटी उघडली. एक पोलकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी खांद्यावर बोट ठेवलं...

ओलं होतं. आणि कोमट.